बैठकीचा अर्ज

नेर्लेकर मॅडमच्या केबिनबाहेर मी उभा होतो आणि माझ्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. प्रार्थना होऊन दहाएक मिनिटं झाली होती. आत मॅडम हजेरीपटांवर सह्या करत होत्या.

"मामा, काही काम होतं का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही मॅडम. पाणी भरून ठेवू का, विचारायला आलतो."

"सकाळीच भरलंय की तुम्ही."

"हां. बरोबर," मी म्हणालो आणि मागं फिरलो.

त्या आठवड्यात असं तीनदा झालं. तिन्ही वेळा कागद खिशातच राहिला. घामानं तो मऊ पडत चालला होता.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. गडहिंग्लजकडच्या एका मोठ्या गावातल्या हायस्कुलात मी शिपाई होतो. सगळे मला कुंभारमामा म्हणायचे. तोवर अकरा वर्षं माझ्याकडे प्रयोगशाळा होती. बाटल्या लावायच्या, काचनळ्या धुवायच्या, प्रात्यक्षिक संपलं की टेबलं पुसायची. नेर्लेकर मॅडम तिथल्या मुख्याध्यापिका. आणि माझी एकुलती एक मुलगी प्रणाली त्याच वर्षी चौथी संपवून आमच्या शाळेत पाचवीला आली होती.

प्रणालीला वाचता येत नव्हतं. म्हणजे अक्षरं ओळखायची, पण शब्द लागायचा नाही. 'कमळ'चं 'मकळ' व्हायचं. एक ओळ वाचायला तिला इतका वेळ लागायचा की शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. बोलायला मात्र चुणचुणीत. एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगायची. बाजारातून काय काय आणायचं ते तिला सांगून ठेवलं की घरात कुणाला यादी करायला लागायची नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पंचायत समितीकडून मुल्ला मॅडम म्हणून एक विशेष शिक्षिका आमच्या गल्लीत आल्या होत्या. शेजारच्या ऐकू न येणाऱ्या मुलाकडे त्या महिन्यातून एकदा यायच्या. माझ्या बायकोनं, अलकानं, त्यांना घरात बोलावलं आणि प्रणालीच्या वह्या दाखवल्या. मुल्ला मॅडम अर्धा तास बसल्या. जाताना म्हणाल्या, "ही आळशी नाही आणि मंदही नाही. हिच्यासाठी वेगळा आराखडा करायला पाहिजे. कसं शिकवायचं, परीक्षा कशी घ्यायची, सगळं लिहून. त्यासाठी शाळेनं तुम्हाला, वर्गशिक्षकांना आणि मला एकत्र बसवायला पाहिजे. तुम्ही पालक म्हणून बैठकीची लेखी मागणी करा. तोंडी सांगू नका, विसरून जातात."

त्याच संध्याकाळी अलकानं अर्ज लिहिला. मला वाचून दाखवला आणि खाली मी सही केली.

"तुम्ही शाळेतच असताय, तुम्हीच द्या," ती म्हणाली. "पोच घ्यायला विसरू नका."

मी मान हलवली. पण त्या केबिनमध्ये काय काय होतं, ते अलकाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण आत चहा मीच न्यायचो. दहावीचा शंभर टक्के निकाल हा आमच्या शाळेचा मान होता. जे पोर त्या निकालाला जड जाईल असं वाटायचं, त्याच्या आईबापाला मॅडम बोलावून घ्यायच्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत. "दुसऱ्या शाळेत त्याला जास्त लक्ष मिळेल," एवढंच म्हणायच्या. एक बाप माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला होता. त्याचा चहा तसाच राहिला, साय धरली त्यावर. दाखल्याचं पाकीट गेटपर्यंत मीच त्याला नेऊन दिलं होतं.

म्हणून अलकानं रात्री जेवताना विचारलं, "दिला का अर्ज?" तेव्हा मी म्हणालो, "दिला."

"काय म्हणाल्या?"

"बघते म्हणाल्या."

भीती एका गोष्टीची असती तर मी ती अलकाला सांगितली असती. नोकरीची भीती होती, दाखल्याची होती, आणि आणखी एक होती. तिच्याविषयी मी कुणाशीच बोलत नव्हतो.

शुक्रवारी सूचनावही घेऊन मी वर्गावर्गातून फिरत होतो. दारात उभं राहायचं, सरांनी सूचना वाचून सही केली की पुढच्या वर्गात जायचं. पाचवी 'ब'च्या दारात पोचलो तर आत प्रणाली उभी होती. हातात मराठीचं पुस्तक. तिचे वर्गशिक्षक पन्हाळकर सर टेबलाला टेकून उभे होते.

"हं, पुढं," सर म्हणाले.

"रा... रान... रानता..."

"रानता? रानता काय असतंय?"

वर्ग हसला. सर वाईट नव्हते, हे सांगायला पाहिजे. त्यांना वाटायचं, चारचौघांत उभं केलं की पोरगी लाजेनं तरी अभ्यास करेल. प्रणालीच्या वरच्या ओठावर घाम आला होता आणि ती एकाच पायावर भार देऊन उभी होती, लघवीला लागल्यासारखी. तेवढ्यात तिनं मला बघितलं. मी दारात, हातात वही. मी काहीतरी करेन असं तिला वाटलं असावं.

मी वहीकडे बघत राहिलो.

सरांनी येऊन सही केली. मी पुढच्या वर्गात गेलो. मागून पुन्हा हसण्याचा आवाज आला.

मधल्या सुट्टीनंतर अर्ध्या तासानं पन्हाळकर सर स्वतः धावत प्रयोगशाळेकडं आले. मी तेव्हा बाहेरच्या नळावर ट्रे धुवत होतो.

"मामा, प्रणाली घरी गेली काय?"

"नाही. का?"

"दप्तर वर्गात आहे. ती नाही."

ट्रे मी तिथंच टाकला. आम्ही मुलींच्या स्वच्छतागृहाकडं गेलो, मैदानाच्या मागच्या बाजूला गेलो. तिथं विहीर होती. वर जाळी होती, पण एका कोपऱ्यात ती उचकटलेली होती, हे मला माहीत होतं. मीच दोनदा ऑफिसात सांगितलं होतं. मी जाळीवर पालथा पडून आत बघितलं. काळं पाणी, त्यावर पिंपळाची पानं. मी हाक मारली तर माझाच आवाज वर आला. सरांनी दंडाला धरून उठवलं.

"ऑफिसात सांगतो, घरी फोन लावायला सांगतो," सर म्हणाले आणि पळाले.

मी उगीच परत प्रयोगशाळेत आलो. कुठं बघायचं ते सुचत नव्हतं. दार लोटलेलं होतं. दहावीच्या प्रात्यक्षिकासाठी सकाळी मी टेबलावर बाटल्या काढून ठेवल्या होत्या. त्यातली एक जागेवर नव्हती.

टेबलाखालून बारीक आवाज येत होता. वाकून बघितलं, तर प्रणाली भिंतीला पाठ लावून बसलेली, मांडीवर बाटली. तिचं बोट बाटलीच्या चिठ्ठीवर एकेका अक्षरावरून फिरत होतं. बाटलीच्या मानेला लाल दोरा होता. काचेचं बूच अजून घट्ट होतं.

"प्रणाली, ती बाटली सोडू नकोस. हलू नकोस," मी म्हणालो.

"बाबा, ह्याच्यावर काय लिहिलंय?"

"नंतर सांगतो. दोन्ही हातांनी धर. अशीच."

"मी एकटीच वाचून बघत होते. इथं कोण हसत नाही."

मी गुडघ्यावर आत सरकलो. तिच्या हातातून बाटली काढून घेतली, वर टेबलावर ठेवली. मग तिला जवळ घेतलं.

"काय लिहिलंय सांगा ना," ती परत म्हणाली.

मी सांगितलं नाही.

पंधरा मिनिटांत अलका आली. गल्लीतून ऑफिसपर्यंत ती पळत आली होती, पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. पोरीला बघून तिनं आधी तिचं डोकं, हात, पाय चाचपले. मग पदरानं स्वतःचं तोंड पुसलं आणि थेट क्लार्ककडं गेली. मी मागं होतो.

"भाऊसाहेब, आमच्या अर्जाचं काय झालं? बैठकीच्या?"

"कसला अर्ज वहिनी?"

"ह्यांनी सोमवारी दिला की."

भाऊसाहेबांनी आवक रजिस्टर उघडलं, बोट खाली नेलं, वर आणलं. "असा काही अर्ज आलेला नाही."

अलका माझ्याकडं वळली. मी खिशातून कागद काढला. घडीवर तो फाटायला आला होता. अलकानं तो घेतला, उलगडला आणि भाऊसाहेबांच्या टेबलावर हातानं सपाट केला.

"ह्यावर शिक्का मारून द्या. आजच्या तारखेचा."

"वहिनी, कागद जरा खराब..."

"मग कोरा द्या. इथंच बसून लिहिते."

तिनं तिथंच, उभ्यानं, दुसरा अर्ज लिहिला. माझ्याकडं सहीसाठी सरकवला. मी सही केली. तेवढ्या वेळात तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

बैठक पुढच्या गुरुवारी दुपारी ठरली. ते सहा दिवस मी नीट जेवलो नाही. मुल्ला मॅडमनी अलकाला फोनवर सांगितलं होतं, "मी काही प्रश्न विचारेन. जन्म कसा झाला, कान-डोळे तपासलेत का, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का. घाबरू नका." अलकानं मला हे सांगितलं आणि त्यातला शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. रस्त्यानं चालताना, ट्रे धुताना, तोच.

गुरुवारी केबिनमध्ये खुर्च्या मीच लावल्या. चहाही मीच आणला. नेर्लेकर मॅडम, पन्हाळकर सर, मुल्ला मॅडम आणि अलका बसले. कप ठेवून झाल्यावर मॅडम सवयीनं म्हणाल्या, "ठीक आहे मामा, बाहेर थांबा. लागलं तर हाक मारते."

मी निघालो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

"मॅडम," अलका म्हणाली, "ते वडील आहेत तिचे."

नेर्लेकर मॅडम ओशाळल्या. "अरे हो. बसा मामा, बसा."

एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्या खोलीत मी कधी बसलो नव्हतो. खुर्चीच्या कडेला टेकलो. ट्रे मांडीवरच राहिला.

पन्हाळकर सरांनी प्रणालीची चाचणीची उत्तरपत्रिका पुढं ठेवली. मुल्ला मॅडमनी ती बघितली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. अलका उत्तरं देत होती. जन्म नीट झाला. कान तपासले, चांगले आहेत. डोळे तपासले.

"घरात आणखी कुणाला वाचायला-लिहायला असा त्रास होता? आई, वडील, काका, आत्या?"

"माझ्याकडं कुणाला नाही," अलका म्हणाली. "ह्यांच्याकडं कुणी शिकलंच नाही. हे एकटे सातवीपर्यंत."

मुल्ला मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी ट्रेकडं.

"तसं काही नाही मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी कागदावर खूण केली. पन्हाळकर सर म्हणाले, "मला विचाराल तर घरी सराव कमी पडतो. रोज एक पान दहा वेळा लिहून घेतलं ना..."

"घेते की," अलका एकदम म्हणाली. "रोज घेते सर. दहा नाही, वीस वेळा घेते. आणि नाही आलं की मारते. पट्टीनं मारते. पहिलीपासून मारत आले तिला मी. मला वाटायचं मुद्दाम करतीय." ती थांबली. "एकदा बोट सुजलं होतं तिचं. तर पडली म्हणून सांग म्हटलं शाळेत."

अलका रडत नव्हती. ती तिच्या उजव्या हाताकडं बघत होती, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"मला," मी म्हणालो.

"काय मामा?" नेर्लेकर मॅडम.

"मला होतोय तो त्रास. आधी विचारलं त्यांनी. मी खोटं बोललो." मी मांडीवरचा ट्रे खाली ठेवला. "अक्षरं जागेवर राहत नाहीत. एक ओळ वाचायला लई वेळ लागतोय, आणि वाचली तरी भरवसा नाही. सातवीपर्यंत मी ऐकून ऐकून पास झालो. परीक्षेत शेजारी माझा चुलतभाऊ बसायचा. सही येते, ओळखीचे शब्द चेहऱ्यावरून कळतात. बाकी नाही."

अलकाचं तोंड उघडंच राहिलं होतं. घरातले सगळे कागद लग्नापासून तीच बघायची. पुरुषांना अशा कामांचा कंटाळा असतो, असं ती शेजारणींना सांगायची. मीही तसंच दाखवायचो.

पण मला ज्याची भीती होती, ते त्यानंतर आलं. नेर्लेकर मॅडम पुढं झुकल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मामा. आणि प्रयोगशाळा? अॅसिडच्या बाटल्या? त्या तुम्ही कशा ओळखता?"

ह्या प्रश्नासाठी मी अकरा वर्षं घाबरत होतो. "हायड्रोक्लोरिकच्या मानेला लाल दोरा बांधलाय मॅडम. सल्फ्युरिकला दोन गाठी. शिवाय ती उचलली की जड लागते. नायट्रिक तपकिरी बाटलीत असतं. नवीन माल आला की मी सरांना म्हणतो, चष्मा घरी राहिलाय, जरा वाचून सांगा. मग दोरा बांधतो."

"तुम्हाला चष्मा आहे?"

"नाही."

"अकरा वर्षं," मॅडम म्हणाल्या. "एखाद्या दिवशी कुणी दोरा बदलला असता तर? पोरांच्या हातात काय गेलं असतं?"

रोज सकाळी शाळेत आल्यावर आधी मी एकेका बाटलीचा दोरा तपासायचो, मग झाडू घ्यायचो. ते मी त्यांना सांगितलं नाही. ते सांगून काय झालं असतं?

मुल्ला मॅडमनी कागदावरची खूण खोडली आणि नवीन काहीतरी लिहिलं. "मामा, तुम्ही आत्ता सांगितलंत त्यानं मुलीचं निम्मं काम झालं," त्या हळू म्हणाल्या. "हे रक्तातून येतं. ह्यात तिचा दोष नाही, तुमचाही नाही. आता हिला काय काय द्यायचं ते लिहू या का?"

आणि त्यांनी लिहिलं. वर्गात सगळ्यांसमोर प्रणालीला वाचायला उभं करायचं नाही. पहिल्या बाकावर बसवायचं. परीक्षा आधी तोंडी घ्यायची, लेखीला वेळ जास्त द्यायचा. आठवड्यातून दोनदा मुल्ला मॅडम येणार. सिव्हिल हॉस्पिटलातून तपासणी करून दाखला आणायचा, म्हणजे पुढं दहावीला सवलत मिळेल. प्रत्येक मुद्द्याला नेर्लेकर मॅडम "चालेल" म्हणत गेल्या. पन्हाळकर सरांनी फक्त एकदा विचारलं, "शुक्रवारी वर्गात जे झालं, त्यामुळं ती तिकडं जाऊन बसली होती का?" त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला आणि सगळ्यांत आधी सही केली.

माझी प्रयोगशाळा गेली. दुसऱ्याच दिवशी मॅडमनी चावी मागून घेतली. त्यांचं बरोबरच होतं. मला गेटवर आणि घंटेवर घेतलं, निवृत्त होईपर्यंत तिथंच होतो. ऑफिसातल्या एकदोघांनी काही दिवस मुद्दाम पेपर पुढं करून "मामा, आज काय बातमी?" विचारलं. मग तेही कंटाळले. प्रणाली लेखनिक घेऊन दहावी पास झाली, शंभर टक्के निकालातच होती ती. नंतर आयटीआयला वायरमनचा कोर्स केला. पूर्ण तुकडीत तीन मुली, त्यातली एक. आता कोल्हापुरात कामाला आहे. मोठाल्या इमारतींच्या वायरिंगचे नकाशे ती बोट न लावता वाचते.

पण मला सांगायचंय ते त्या गुरुवारच्या संध्याकाळचं. बैठकीतून आम्ही घरी आलो. रस्ताभर अलका माझ्या चार पावलं पुढं चालत होती. घरात प्रणाली भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. अलका तिच्याशेजारी बसली, दोनचार शेंगा फोडल्या आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं? हिला तुमच्यासारखंच आहे ते?"

खोटं बोलायचं त्राण माझ्यात राहिलं नव्हतं. "पहिलीत," मी म्हणालो. "पहिल्यांदा पाटी घेऊन बसली, तेव्हाच."

"पहिलीत." अलकाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "चार वर्षं. आणि मी तिला मारत होते तेव्हा तुम्ही काय करत होता?"

मी खाली वाकून टरफलं गोळा करायला लागलो.

"मला माहीत आहे," प्रणाली म्हणाली. सोपा प्रश्न आला की तिचा चेहरा उजळायचा, तसा उजळला होता. "बाबा चपला घालून बाहेर जायचे."